डॉक्टर व्हायला कुठं जायचं?

मी नाशिकच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. शाळा म्हणायला शहरात, पण वर्गाच्या खिडकीतून दिसायचे ते कोथिंबिरीचे आणि मेथीचे वाफे. मागं मळे आणि पुढच्या रस्त्यानं सातपूरच्या कारखान्यांकडं जाणाऱ्या सायकली. वर्गात दोन्हीकडची मुलं असायची. बहुतेक जण घरची अर्धी कामं उरकूनच शाळेत यायची, त्यामुळं पहिल्या तासाला कुणाला जांभई आली तर मी रागवत नसे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. एके दिवशी दहावीच्या वर्गात मी फळ्यावर हृदयाची आकृती काढून रक्त कुठून येतं, कुठं जातं ते समजावून सांगितलं. तास संपल्यावर एक मुलगी माझ्यामागून व्हरांड्यात आली. तिच्या घरचा झेंडूचा आणि शेवंतीचा मळा होता. आई रोज पहाटे गंगेवर फुलं विकायला बसायची. गोदावरीला आमच्याकडं सगळे गंगाच म्हणतात. शाळेत येण्याआधी ही मुलगी आईसाठी हार ओवून द्यायची, म्हणून तिनं वही पुढं केली की आधी झेंडूचा वास यायचा.

"बाई, डॉक्टर व्हायला काय करावं लागतं?"

"खूप अभ्यास करावा लागतो," मी म्हणाले.

"तो तर मी करतेच. पण कुठं जायचं? फॉर्म कुठं मिळतो? दहावीनंतर लगेच जायचं का बारावीनंतर?"

मला बारावीनंतर एवढंच ठाऊक होतं. बाकी काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं. मी बी.एस्सी., बी.एड. झालेली, आणि शाळेत शिकवण्यात दहा-अकरा वर्षं गेलेली. तेवढ्या काळात आमच्या शाळेतलं एकही मूल मेडिकलला गेलं नव्हतं आणि त्याचं मला कधी नवलही वाटलं नव्हतं. खरं तर हुशार मुली दिसल्या की "डी.एड. कर, लवकर नोकरी लागेल" असं मी स्वतःच सांगत आले होते. तिलाही तेच सांगणार होते. पण ती वही-पेन्सिल घेऊन उत्तर लिहून घ्यायला उभी होती, म्हणून म्हटलं, "मी विचारून सांगते."

शिक्षकखोलीत विचारलं. कुणाला माहीत नव्हतं. एक ज्येष्ठ सर चहा ढवळत म्हणाले, "बाई, आपल्या मुलांना उगाच मोठी स्वप्नं दाखवू नका. पडतात, आणि मग शाळेला दोष देतात." ते दुष्टपणानं बोलले नव्हते. त्यांनी तसं घडताना पाहिलं असेल. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. स्वप्न मी दाखवलंच नव्हतं. मुलगीच ते घेऊन आली होती आणि मला फक्त रस्ता विचारत होती.

माझ्या ओळखीत एकच डॉक्टर होत्या, माझ्या मुलीच्या वेळी माझं बाळंतपण केलेल्या. शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांच्या दवाखान्यात नंबर लावून बसले. आजूबाजूला पोटुशा बायका, आणि मी पर्स मांडीवर घेऊन. नंबर आला, आत गेले.

"काय होतंय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मला काही होत नाहीये. एक प्रश्न विचारायचाय."

प्रश्न ऐकून त्या आधी हसल्या आणि मग एकदम गंभीर झाल्या. बाहेर इतक्या बायका खोळंबलेल्या असताना त्यांनी औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागं सगळं लिहून दिलं. बारावी विज्ञान, कोणते विषय, किती वर्षं, सरकारी कॉलेजं कुठं आहेत, वसतिगृहाचं काय. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "हे कागदावर वाचून काही कळणार नाही त्यांना. एकदा आतून दाखवा. माझ्याबरोबर शिकलेले एक सर आता मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवतात. मी बोलते त्यांच्याशी. एका रविवारी मुलांना घेऊन जा."

मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, जबाबदारी माझी या अटीवर. नववी-दहावीतली सात मुलं तयार झाली. पालकांची संमती हवी होती, म्हणून मी घरोघर गेले. झेंडूच्या मळ्यात गेले तेव्हा वडील वाफ्यांना पाणी सोडत होते. चिखलातूनच त्यांनी माझं ऐकून घेतलं.

"म्हंजे पोरीला मुडदे दाखवायला नेता व्हय, बाई?"

मी काही बोलणार तेवढ्यात बांधावरून तिची आई म्हणाली, "जाऊ द्या तिला. मागल्या साली शेळी अडली तव्हा तुम्ही डॉक्टर हुडकत हिंडले. पिल्लू कोणी ओढून काढलं? हिनंच ना?"

वडिलांनी हातातलं खोरं बांधाला टेकवलं. म्हणाले, "बघून येऊ द्या. बघायला काय हाय."

त्या रविवारी आम्ही शहर बसनं निघालो. मुलींनी वेण्यांना नव्या रिबिनी बांधल्या होत्या, मुलांनी केसांना तेल चोपडलं होतं. कॉलेजच्या फाटकाशी पोचल्यावर सगळी एकमेकांना चिकटून चालू लागली. मीसुद्धा पदर सारखा करत होते. मीही तिथं पहिल्यांदाच पाऊल टाकत होते आणि कुणी हटकलं तर काय सांगायचं ते मनात घोकत होते.

शरीररचनेचे सर बुटके आणि बडबडे निघाले. त्यांनी भाषण केलं नाही. टेबलावरचं मांडीचं हाड उचललं आणि सरळ पहिल्या मुलाच्या हातात दिलं. "धर. जड आहे का हलकं?" हाड हातोहात फिरलं. मुलांची भीती गेली आणि प्रश्न सुरू झाले. हे खरं आहे का? बाईचं का पुरुषाचं? कसं ओळखायचं? सर प्रत्येकाला उत्तर देत होते आणि उलट विचारत होते.

मग त्यांनी विच्छेदनाचा हॉल दाखवला. ज्याला यायचं नाही त्यानं बाहेर थांबावं, त्यात काही लाज नाही, असं आधीच सांगितलं. तिघं बाहेर थांबली. आत औषधाचा वास इतका उग्र होता की डोळ्यांतून पाणी आलं. एका टेबलावर चादरीखाली देह होता. सरांनी फक्त हात उघडा केला आणि बोटं हलवणारे स्नायू कोपराजवळून कसे निघतात ते दाखवलं. माझी फुलवाली मुलगी वाकून बघत होती, आणि बघता बघता स्वतःच्या हाताची मूठ उघडत-मिटत होती.

"सर, हे कोण होते?" तिनं विचारलं.

सरांनी चादर पुन्हा हातावर ओढली. "नाव आम्हालाही माहीत नसतं. पण पहिल्या दिवशी सगळे विद्यार्थी यांना नमस्कार करतात. हे त्यांचे पहिले शिक्षक."

तिनं हात जोडले. मग बाकीच्यांनी जोडले. मीही जोडले.

पण त्या दिवशी मुलांवर खरा परिणाम झाला तो दुपारी, कँटीनमध्ये. सरांनी दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. ती सुरगाण्याकडच्या पाड्यावरची, आश्रमशाळेत शिकलेली. साधा सलवार-कुर्ता, पायात रबरी चपला. मुलांना वाटलं ही कँटीनमध्ये कामाला आहे. ती बाकावर येऊन बसली आणि म्हणाली, "विचारा. अभ्यासाचं सरांना विचारा, बाकीचं मला."

एकानं विचारलं, "मेसमध्ये भाकरी मिळते का?"

"नाही. पोळी, तीपण वातड. सवय होते."

"मराठीत बोललं तर हसतात का?"

"हसतात की. पहिले दोन-तीन महिने. मग परीक्षा होते, निकाल लागतो, आणि हसणारे आपल्याकडं वही मागायला येतात."

मुलं खो खो हसली. मग ती सगळं सांगत गेली. पहिले सहा महिने तासाला बसून काही कळायचं नाही. पुस्तकातल्या एका पानाला एक संध्याकाळ लागायची. एकदा पेटी भरून घरी निघाली होती, पण एसटी चुकली म्हणून परत खोलीवर आली. "दुसऱ्या दिवशी वाटलं, आता आलोच आहोत तर बसू तासाला," ती म्हणाली. माझी मुलं तिच्याकडं अशी बघत होती, तशी मघाशी त्या हाडाकडंही बघत नव्हती. इतका मोठा डॉक्टर होणारा माणूस त्यांच्यासारखाच बोलतो, एसटीही चुकवतो, हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं.

परतीच्या बसमध्ये सात जणांची सात मतं होती. एक मुलगी म्हणाली, "बाई, मला हाडं चालतील, पण रक्त नको." एकानं जाहीर केलं की त्याला हे अजिबात करायचं नाही. मी त्याला म्हटलं, "हे कळलं हेही बरंच झालं." फुलवाली खिडकीशी बसून स्वतःच्या हाताची मूठ उघडत-मिटत होती. उतरताना एवढंच म्हणाली, "बाई, मला जायचंय तिथं."

दहावीला तिला चांगले गुण पडले आणि शहरातल्या कॉलेजात विज्ञान शाखेला प्रवेश मिळाला. तिथं सगळं इंग्रजीत. पहिल्या आठवड्यात ती माझ्याकडं आली ती रडवेली होऊन. "पॅन्क्रियाज म्हणजे आपलं स्वादुपिंडच आहे, बाई. मला माहितीये ते सगळं. पण इंग्रजीत विचारलं तर वाटतं मला काहीच येत नाही." आम्ही एक वही केली. डावीकडं मराठी शब्द, उजवीकडं इंग्रजी. यकृत, प्लीहा, जठर, धमनी. दर रविवारी ती आमच्या स्वयंपाकघरात बसायची, मी पोळ्या लाटता लाटता विचारायची, ती उत्तर द्यायची. हळूहळू आणखी दोघी-तिघी यायला लागल्या. माझी मुलगी तेव्हा प्राथमिक शाळेत होती, तिलाही प्लीहा म्हणजे काय ते पाठ झालं.

सीईटी ही प्रवेशपरीक्षा तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. तिनं ती दिली आणि काठावरचे का होईना, पण तिच्या राखीव गटातून प्रवेश मिळावा इतके गुण तिला पडले. आम्ही सगळे आनंदात होतो. आणि तिथं माझी चूक नडली.

अर्ज मी तिच्याबरोबर बसून भरला होता. जातीचा दाखला जोडला होता. पण त्याच्यासोबत नॉन-क्रिमीलेयरचा दाखला, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचा तहसील कचेरीचा कागद, लागतो हे मला ठाऊकच नव्हतं. माहितीपुस्तिकेत ते लिहिलेलं होतं. मी ते पान वाचलंही होतं. पण जातीच्या दाखल्यातच सगळं आलं असं समजून पुढं गेले. कळलं तेव्हा मुदत उलटून गेली होती. तिचा अर्ज खुल्या गटात धरला गेला आणि त्या गटात तिचे गुण पुरले नाहीत.

मी मळ्यात गेले. सायकल टेकवली आणि अंगणातच सांगून टाकलं, "चूक माझी आहे. तिची नाही. कागद मी बघायला हवा होता."

वडील म्हणाले, "बाई, सोयरिकीचे पाहुणे दोनदा येऊन गेले. मी थांबवून ठेवले. आता काय सांगू त्यांना?" त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचंच मला जास्त लागलं. आई चुलीपुढून उठून बाहेर आली आणि दारात उभी राहिली. मला वाटलं, संपलं.

तेव्हा ती मुलगी वडिलांकडं वळून बोलली. तिचे डोळे सुजलेले होते, पण आवाज स्वच्छ होता. "दादा, मी परत परीक्षा देणार. बाई, यावेळी कागद मी गोळा करीन. तुम्ही फक्त फिजिक्सचं बघा."

इतकं शरमल्यासारखं झालं असूनही मला हसू फुटलं. तिची आईही हसली. वडील म्हणाले, "एक वर्ष. त्याच्या पुढं नाय."

ते वर्ष तिनं कसं काढलं ते मी जवळून पाहिलं. सकाळी हार, दुपारी अभ्यास, आणि अधूनमधून कचेरीच्या फेऱ्या. फिजिक्ससाठी मी माझ्या एका जुन्या वर्गमैत्रिणीला गाठलं. मला स्वतःला ते कधीच नीट आलं नव्हतं. आणि कागद तिनं खरंच एकटीनं गोळा केले. नुसते स्वतःचे नाहीत. एक दिवस ती शाळेत आली आणि माझ्या हातात एक तक्ता दिला. कुठला दाखला, कुठल्या खिडकीवर, त्याला आधी कुठले कागद लागतात, किती दिवस लागतात, कुणाची सही, आणि कुठल्या वारी गर्दी कमी असते. सगळं रेघा मारून, ठळक अक्षरात. खाली लिहिलं होतं, "दहावीतच सुरुवात करा." मी तो तक्ता सूचनाफलकावर लावला. पुढं कित्येक वर्षं आमच्या शाळेत दर जूनला त्याची नवी प्रत लागायची. कागदावाचून आमच्या एकाही मुलाचा प्रवेश त्यानंतर हुकला नाही. माझ्या नोकरीत मला मिळालेली प्रमाणपत्रं एका फायलीत आहेत, कुठं ठेवली तेही आठवत नाही. पण त्या तक्त्याचा मला आजही अभिमान वाटतो, आणि तो मी केलेला नाही याचा जास्त.

दुसऱ्या वेळी तिला भरपूर गुण पडले. प्रवेशफेरी मुंबईला होती. वडील आणि ती गेले, आणि संध्याकाळी शेजारच्या दुकानात फोन आला. दुकानदाराचा मुलगा मला बोलवायला धावत आला. वडील ओरडून बोलत होते, मुंबई लांब म्हणून मोठ्यानं बोलावं लागतं अशा समजुतीनं. "बाई! धुळ्याला लागला नंबर! सरकारी!" मी दुकानात उभ्या-उभ्याच रडले. दुकानदाराला वाटलं कुणी गेलं.

तिला वसतिगृहात सोडायला वडिलांनी मलाही बरोबर नेलं. धुळ्याची एसटी, पत्र्याची पेटी, पिशवीत आईनं दिलेले शेंगदाण्याचे लाडू. वसतिगृहाच्या बाईंनी नोंदवहीत माझं नाव लिहिताना विचारलं, "तुम्ही मुलीच्या कोण?" मी काही बोलायच्या आत वडील म्हणाले, "ह्या आमच्या बाई." वसतिगृहाच्या बाईंना काय कळलं कोण जाणे. नात्याच्या रकान्यात त्यांनी "शिक्षिका" लिहिलं. वडिलांनी पेटी खांद्यावरून उतरवली, खोलीतली खाट हलवून बघितली, खिडकीचा कोयंडा लावून बघितला, आणि मग लेकीकडं न बघता म्हणाले, "पाणी उकळून पीत जा." बस सुटेपर्यंत ते एवढंच बोलले.

पहिल्या वर्षात ती एका विषयात नापास झाली. तिनं मला पत्रात कळवलं, घरी कळवलं नाही. मी तिला कँटीनमधल्या त्या मुलीची आठवण करून दिली आणि सोबत फिजिक्सवाल्या मैत्रिणीचा निरोप धाडला, "आता फिजिक्स नाही, मग काय अडचण आहे?" पुढच्या परीक्षेत तो विषय सुटला. नंतर ती कधी अडली नाही.

रविवारची भेट मी दरवर्षी चालू ठेवली. बडबडे सर बदलून गेले, दुसरे आले, पण हाड हातात देण्याची पद्धत तशीच राहिली. हाडं चालतील म्हणणारी मुलगी फिजिओथेरपिस्ट झाली. कुणी नर्सिंगला गेली, कुणी औषधनिर्माणशास्त्राला, एक जण प्रयोगशाळेत रक्त तपासतो. ज्याला हे अजिबात करायचं नव्हतं त्यानं अंबडला वर्कशॉप काढलं आणि माझी स्कूटर अजून तोच दुरुस्त करतो. मेडिकलला आणखीही काही जण लागले. आकडा मी मुद्दाम ठेवला नाही. जी लागली नाहीत, तीसुद्धा आत जाऊन, बघून, विचार करून मागं फिरली होती. दारच माहीत नाही म्हणून नव्हे.

ज्या ज्येष्ठ सरांनी चहा ढवळत मला सावध केलं होतं, ते निवृत्त होण्याआधी एका रविवारी स्वतःहून बसमध्ये येऊन बसले. "मीही बघतो काय आहे ते," म्हणाले. विच्छेदनाच्या हॉलमध्ये ते आत आले नाहीत. बाहेर थांबलेल्या मुलांना बाकावर बसवून त्यांनी गोष्टी सांगितल्या.

माझी फुलवाली डॉक्टर झाली त्या वर्षीच्या दसऱ्याला मी फुलं आणायला सकाळीच गंगेवर गेले. झेंडूचे ढीग लागले होते, पाय ठेवायला जागा नव्हती. तिची आई नेहमीच्या जागी बसली होती आणि तिच्यापुढं गिऱ्हाइकांपेक्षा शेजारच्या फुलवाल्यांचीच गर्दी होती. एकीचा गुडघा दुखत होता, एकीच्या नवऱ्याला खोकला होता.

"मला नाय कळत त्यातलं," आई सांगत होती, पण मान ताठ होती. "माझी पोरगी बेस्तरवारी येणार हाय. तव्हा या घरी. आन् रिकाम्या पोटी या, तिला तपासायला लागंल."

मला बघून ती उठायला लागली. मी म्हटलं, बसा. पण तिनं माझा हात धरला आणि शेजारच्या बाईकडं ओढत नेलं. "ह्या आमच्या बाई," ती म्हणाली. मग त्या बाईला कोपरानं ढोसून, "विचार ना. मघापासून मला विचारत होतीस ना? ह्यांना विचार."

त्या बाईनं हातातला हार खाली ठेवला. तिची मुलगी नववीत होती, दुसऱ्या शाळेत. हुशार होती, पण तिथं सांगणारं कुणी नव्हतं. मी माझी पिशवी बाजूला ठेवली आणि तिच्या शेजारी पोत्यावर बसले.